न जमलेला प्रयोग दाखवा
(मस्तगड, जालना येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेत विषय साधारणपणे मोठा घ्यायची पद्धत आहे. समाज, संस्कृती, शिक्षणाची दिशा वगैरे. संयोजकांनी मला विषयाची मोकळीक दिली आणि एकच अट घातली की, 'बारावीचा निकाल लागलाय, मुलं समोर असतील, त्यांच्या कामाचं काही सांगा.' ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांना ही अट आवडली असती. म्हणून मी विषय मुद्दाम लहान घेतला आहे. प्रायोगिक मानसशास्त्र शिकायचं असेल तर कॉलेज कसं निवडायचं, एवढंच.

'मॅडम, मला सायकॉलॉजी करायचीय' असं म्हणत दरवर्षी मुलं-मुली भेटायला येतात. त्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक खोली असते, समोरासमोर दोन खुर्च्या असतात आणि समोरचा माणूस आपलं दुःख सांगत असतो. ते समुपदेशन. चांगलं काम आहे, गरजेचंही आहे. त्याची वाट वेगळी आहे आणि तीही नीट माहीत असावी. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर नुसतं एम. ए. पुरत नाही. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. आणखी एक गोष्ट पालकांनी टिपून ठेवावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली आहे. 'घरी बसून सायकॉलॉजीची डिग्री' असं कुणी सांगत असेल, तर प्रवेश फी भरण्याआधी तो नियम समोर ठेवा.

मला आज ज्यांच्याशी बोलायचंय ती मुलं थोडी आहेत. त्यांना माणसाचं दुःख ऐकण्याइतकंच माणसाचं मन मोजण्यातही कुतूहल असतं. पाठ केलेलं किती दिवसांत उडतं? गर्दीच्या चौकात गाडी चालवणाऱ्याला ब्रेक दाबायला किती वेळ लागतो? दोन सारख्या रेषांपैकी एक लांब का दिसते? 'असं होत असेल' एवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही. 'करून बघू' असं ती म्हणतात. या मुलांसाठी महाराष्ट्रात वेगळ्या नावाची पदवी क्वचितच मिळते. बी. ए. मानसशास्त्र करायचं आणि त्यातल्या प्रात्यक्षिकांत आपला विषय शोधायचा. म्हणून त्यांच्यासाठी कॉलेजची निवड जास्त महत्त्वाची. पदवीचं नाव सगळीकडे सारखंच असतं. आत काय घडतं ते कॉलेजगणिक बदलतं.

थोडा इतिहास सांगते. १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. वुंटचे विद्यार्थी ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला गेले. त्यांच्याकडे शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता परत आले आणि १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात सुरू झालेल्या प्रायोगिक मानसशास्त्राच्या विभागाचे प्रमुख झाले. म्हैसूरला १९२४ मध्ये विभाग आला. आपल्याकडे पुणे विद्यापीठाचा विभाग १९५० चा. तो उभा केला प्रा. व्ही. के. कोठुरकर यांनी. स्मृती आणि शाब्दिक अध्ययन हा त्यांच्या प्रयोगांचा प्रांत. त्यांनी आणि श्यामला वनारसे यांनी लिहिलेलं प्रायोगिक मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक पुढच्या पिढ्यांनी वापरलं. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग १९५९ चा.

आणि मराठवाडा? कलकत्त्याला विभाग सुरू झाला तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद, १९१८ चं उस्मानिया विद्यापीठ, माध्यम उर्दू. औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ मध्ये. म्हणजे इथल्या आजोबांच्या पिढीला 'कोणतं कॉलेज निवडू' हा प्रश्नच पडला नाही. मिळेल त्यात समाधान होतं. निवड करण्याची चैन आपल्या घरात पहिल्यांदाच येते आहे, तेव्हा ती कशी करायची याची परंपराही घरात नाही. मग शेजारच्या मुलाने घेतलं ते, किंवा मामाच्या ओळखीचं, किंवा ज्याची इमारत मोठी ते. कट-ऑफ किती, नॅकची श्रेणी कोणती, वसतिगृह कसं, हे प्रश्न विचारावेतच. पण या विषयासाठी ते पुरत नाहीत.

प्रयोगशाळेच्या कपाटात काय असतं ते एकदा डोळ्यांपुढे आणू या. आरसा-आलेखनाचं उपकरण जवळपास प्रत्येक जुन्या विभागात सापडतं. लाकडी फळी, तिच्यावर उभा केलेला आरसा, आणि हात झाकणारा एक आडोसा. फळीवर कागद, कागदावर ताऱ्याची दुहेरी रेघ. प्रयोज्याने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालू आहे त्याने, आपल्या हाताकडे थेट पाहायचं नाही. आरशात पाहून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. सरळ बाजू कशीबशी जमते, टोक आलं की हात अडतो. डोळा सांगतो वर, हात जातो खाली. चांगला शिकलेला माणूस दोन मिनिटं एकाच कोपऱ्यात पेन्सिल घासत बसतो, आणि भोवतालची पोरं हसायला लागतात. दुसऱ्या वेळी चुका कमी होतात, चौथ्या-पाचव्या वेळी हात सरावतो. मग गंमत अशी की, उजव्या हाताने सराव केल्यावर डावा हातही पहिल्यापेक्षा चांगला चालतो.

इथे एक मुलगी उठून विचारते, 'मॅडम, डावा हात सुधारला तो उजव्याच्या सरावामुळे, की नुसता तारा दुसऱ्यांदा बघितल्यामुळे?' हा प्रश्न आला की प्रयोगाला खरी सुरुवात होते. मग आणखी एक गट घ्यावा लागतो. त्या गटाने डाव्या हाताने एकदा काढायचं, मधल्या वेळात उजव्या हाताचा सराव न करता नुसतं बसायचं, आणि पुन्हा डाव्याने काढायचं. दोन्ही गटांच्या सुधारणेत जो फरक पडेल, तोच सरावाचा. सराव न केलेल्या या गटालाच नियंत्रित गट म्हणतात. पुस्तकात ही व्याख्या चार ओळींत आहे आणि परीक्षेत पाच गुणांना येते. पण तिची गरज त्या आरशासमोर बसल्याशिवाय कळत नाही.

हे उपकरण साधं म्हणून हिणवू नका. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलायसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. फिट्स थांबवायच्या होत्या. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण तयार होणं थांबलं. थोड्या वेळापूर्वी भेटलेला माणूस त्याला अनोळखी वाटे. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशातला तारा काढायला दिला. सलग तीन दिवस त्याने तो काढला आणि तिसऱ्या दिवशी सफाईने काढू लागला. पण हे आपण पूर्वी कधी केलंय असं त्याला आठवत नव्हतं. हाताची आठवण वेगळी आणि प्रसंगाची आठवण वेगळी, हे मानसशास्त्राला त्या फळी-आरशाने दाखवलं. कॉलेजच्या कपाटातला आरसा त्याच जातीचा आहे. तो बाहेर काढतात की नाही, एवढाच प्रश्न.

आता सांगते ती गोष्ट काही वर्षांपूर्वीची. मराठवाड्यातल्या एका कॉलेजात बाह्य परीक्षक म्हणून मी गेले होते. नाव सांगत नाही, कारण हे एका कॉलेजचं दुखणं नाही. टेबलावर जर्नलांचा ढीग. प्रयोग होता प्रतिक्रियाकालाचा. दिव्याचा प्रकाश दिसल्यावर बटण दाबायला किती वेळ लागतो आणि घंटेचा आवाज ऐकल्यावर किती, याची तुलना. साधारणपणे आवाजाला प्रतिसाद लवकर जातो, पुस्तकातही तसंच दिलंय. पहिलं जर्नल उघडलं, आवाज लवकर. दुसरं उघडलं, आवाज लवकर. तिसऱ्याला माझी नजर अडली. सरासरी तीच, दशांश चिन्हापुढचे आकडेही तेच. एकाच्या जर्नलमधला राम दुसऱ्याच्या जर्नलमध्ये श्याम झाला होता, एवढाच फरक. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून ही सगळी उतरवलेली.

एका मुलीचं जर्नल मात्र वेगळं निघालं. तिच्याकडे प्रकाश लवकर आणि आवाज उशिरा. निकाल उलटा. तिने चर्चेत लिहिलं होतं की, प्रयोगाच्या वेळी बाहेर जनरेटर चालू होता, खोलीतला पंखा खडखडत होता, त्यामुळे घंटा प्रयोज्याला स्पष्ट ऐकू येत नसावी, आणि शांत खोलीत प्रयोग पुन्हा करायला हवा. खाली पेन्सिलीने शिक्षकांचा शेरा होता, 'निकाल चुकला, दुरुस्त करा.' तिने दुरुस्त केला नव्हता. तोंडी परीक्षेत मी तिला विचारलं, 'का नाही बदललास?' ती म्हणाली, 'मॅडम, आलेच तसे आकडे.' त्या ढिगातला तो एकच खरा प्रयोग होता.

आज तुम्हाला सांगायचं ते एवढंच. प्रायोगिक मानसशास्त्रासाठी कॉलेज पाहायला जाल, तेव्हा तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठा आणि म्हणा, 'दादा, तुमचा न जमलेला प्रयोग दाखवा.' त्याने कपाळाला हात लावून हसत हसत दाखवला आणि का जमला नाही ते सांगायला लागला, तर कॉलेज चांगलं. 'आमचे सगळे बरोबर येतात' म्हणाला, तर सावध व्हा. माणसांवर केलेले सगळे प्रयोग पुस्तकाप्रमाणे येत नसतात. सगळे येत असतील तर ते पुस्तकातूनच आलेत.

ही अडचण फक्त आपल्याकडची आहे असंही समजू नका. २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अहवाल आला. जगभरच्या संशोधकांनी एकत्र येऊन मानसशास्त्रातली प्रसिद्ध झालेली शंभर संशोधनं पुन्हा करून पाहिली. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांमध्ये निकाल ठळक आला होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांमध्येच तसा आला. बाकीचे सगळे खोटारडे होते असं नाही. पण अपेक्षेप्रमाणे आलेलं छापायचं आणि न आलेलं कपाटात ठेवायचं, ही सवय मोठमोठ्या विद्यापीठांनाही होती. आपल्या जर्नलमधला पेन्सिलीचा 'दुरुस्त करा' हा शेरा आणि ती सवय एकाच घरातली. त्या अहवालानंतर प्रयोगाआधीच आपली परिकल्पना नोंदवून ठेवणं, सगळी विदा खुली करणं अशा पद्धती रुजायला लागल्या. ज्या कॉलेजात पहिल्या वर्षापासून खरे आकडे लिहायला शिकवतात, तिथल्या मुलाला हे नव्याने शिकावं लागत नाही.

जालन्याच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला नको. 'जालना, सोने का पालना' म्हणताना व्यापार डोळ्यांपुढे येतो, त्यात बियाण्यांचा वाटा मोठा आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली, पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या चाचणीचा प्लॉट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला आहे. नव्या वाणाशेजारी जुनं वाण लावतात. कोणतं वाण कोणत्या तुकड्यात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात, म्हणजे चांगली जमीन एकाच्याच वाट्याला जात नाही. आणि नवं वाण पडलं तर ते पडलं म्हणूनच लिहितात, कारण खोटं लिहिलं तर पुढच्या हंगामात शेतकरी दारात येतो.

मानसशास्त्राने प्रयोगाची रचना याच शेतातून घेतली आहे, हे बी. ए. च्या मुलांना क्वचित सांगितलं जातं. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर रुजू झाले. तिथल्या प्लॉटांवरून त्यांनी यादृच्छिक वाटप आणि प्रसरण विश्लेषण उभं केलं, आणि १९३५ मध्ये प्रयोगांच्या आराखड्यावर पुस्तक लिहिलं. मानसशास्त्रात आज जो 'अनोव्हा', म्हणजे हेच प्रसरण विश्लेषण, सगळ्यांना घाबरवतो, तो मुळात शेतातला. आपल्याकडे ही विद्या शेतीत आणली ती व्ही. जी. पानसे आणि साताऱ्याच्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. त्या दोघांचं शेती संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ मध्ये आलं आणि कृषी विद्यापीठांच्या कित्येक पिढ्यांनी वापरलं. तेव्हा 'मानसशास्त्रात गणित कशाला' असं विचारणाऱ्या मुलाला सांगा की, नसेल आवडत तर समुपदेशनाकडे जा, पण इकडे आलास तर संख्याशास्त्राशिवाय गत्यंतर नाही. आणि कॉलेजात गेल्यावर विचारा, 'संख्याशास्त्र कोण शिकवतं? संगणकावर करून दाखवतात की फळ्यावर सूत्र लिहून देतात?'

मोठं नाव नको असं मी म्हणत नाही, पण त्याच्या मागेही धावू नका. रंगांच्या नावांचा प्रयोग तुम्ही ऐकला असेल. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो आणि तुम्हाला शाईचा रंग सांगायचा असतो. जीभ अडखळते, वेळ लागतो. जॉन रिडली स्ट्रूप यांनी तो १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचं काम झालं होतं नॅशव्हिलच्या जॉर्ज पीबडी कॉलेजात, जे शिक्षक घडवणारं कॉलेज होतं. हार्वर्डही नाही, लाइपझिगही नाही. आज हा प्रयोग जगातल्या जवळजवळ प्रत्येक मानसशास्त्र विभागात होतो. त्याच्याही आधी हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, स्वतःच विसरून, विस्मरणाचा आलेख काढला आणि १८८५ मध्ये तो छापला. त्यांच्याकडे प्रयोज्य एकच होता, तो म्हणजे ते स्वतः.

आता कॉलेज बघायला जाताना काय काय पाहायचं ते क्रमाने सांगते. प्रयोगशाळा उघडायला सांगा. किल्ली कुणाकडे आहे हे शोधायला अर्धा तास लागला, तर उत्तर मिळालं. उपकरणांवर धूळ असली तरी चालेल, पण नोंदवहीत अलीकडच्या तारखा असायला हव्यात. प्रात्यक्षिकाच्या एका बॅचमध्ये किती मुलं, हे विचारा. चाळीस मुलांची एकच बॅच असेल तर प्रयोग होत नाही, प्रयोगाचं वर्णन होतं. प्रयोज्याकडून लेखी संमती घेतात का, हेही विचारा, कारण माणसांवर प्रयोग करताना ती लागते. शिक्षकांचं स्वतःचं संशोधन सध्या काय चाललंय, हा प्रश्न विद्यार्थ्याने नम्रपणे विचारला तर कुणाला राग येऊ नये, आणि आला तर तेही समजून घ्यावं.

महागडी उपकरणं नाहीत म्हणून मात्र कॉलेजला नाकारू नका. प्रतिक्रियाकाल मोजायला घरातली फूटपट्टी पुरते. एकाने पट्टी उभी धरून अचानक सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. वीस सेंटिमीटरवर पकडली तर साधारण सेकंदाचा पाचवा भाग, पंधरा सेंटिमीटरवर पकडली तर त्याहून थोडा कमी. गुरुत्वाकर्षणाचं शाळेतलं सूत्र लावलं की वेळ निघतो. पुढे जायचं तर सायकोपायसारखी प्रयोग रचण्याची संगणक प्रणाली आणि विश्लेषणासाठी आर, जास्प, जामोवी या प्रणाली फुकट मिळतात. जुना संगणक, नवा शिक्षक आणि उघडी खोली असली तरी पुष्कळ होतं.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे एक नवा प्रश्न आलाय. पदवी आता चार वर्षांची करता येते आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं. त्यात प्रबंध असतो. म्हणजे आपल्या मुलाला स्वतःचा प्रश्न घेऊन वर्षभर काम करायला मिळू शकतं. पण हे चौथं वर्ष त्याच कॉलेजात मिळेल का, तिथे मार्गदर्शन करायला कोण आहे, हे आजच विचारा. तीन वर्षांनंतर कळून उपयोग नाही.

पालकांच्या मनात पुढचा प्रश्न असतो, 'मॅडम, नोकरी?' रास्त आहे. तुमच्यापैकी अनेकांची मुलं रेल्वेच्या परीक्षा देतात. असिस्टंट लोको पायलटच्या निवडीत संगणकावरची अभियोग्यता चाचणी असते, आणि तिच्या प्रत्येक उपचाचणीत टी-गुण किमान ४२ लागतात. सगळ्या उपचाचण्या जमल्या आणि एक राहिली, तरी मुलगा बाहेर. ही चाचणी गणिताची किंवा सामान्यज्ञानाची नाही. लक्ष, स्मृती, आकृती ओळखण्याचा वेग यांची आहे, आणि ती लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेतल्या मानस-तांत्रिक विभागाच्या कामातून येते. तुमच्या मुलाला चाळणीतून काढणारी ती चाचणी प्रायोगिक मानसशास्त्र शिकलेल्यांनीच बनवलेली आहे. सैन्याच्या निवडीत हेच लोक लागतात. मोबाइलवरचं ॲप माणसाला समजतं की नाही ते तपासायला लागतात, शाळेतल्या मुलाला वाचनाची अडचण का येते ते शोधायला लागतात. नोकऱ्यांचा ढीग आहे असं मी सांगणार नाही. पण मोजायला आणि खरं लिहायला शिकलेला मुलगा उपाशी बसत नाही.

पैसा आणि अंतर. लेकराला पुण्याला ठेवायचं म्हणजे फीपेक्षा खोली आणि मेस जड जाते, हे मला माहीत आहे. मुलगी असेल तर घरात आणखी दोन प्रश्न निघतात. म्हणून माझा सल्ला असा की, पदवीची तीन वर्षं जवळच्या कॉलेजात करायला हरकत नाही, फक्त ते वरच्या प्रश्नांना उतरलं पाहिजे. छत्रपती संभाजीनगर इथून साठ-पासष्ट किलोमीटर. लांब पाठवायचंच तर पैसा पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेवा, कारण प्रायोगिक काम तिथे खोल जातं. पुणे आणि मुंबईचे विभाग आहेतच. अलाहाबाद विद्यापीठात वर्तन आणि बोधविज्ञानाचं केंद्र २००२ पासून आहे. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात मज्जा आणि बोधविज्ञानाचं केंद्र आहे, आणि गांधीनगर व कानपूरच्या आयआयटींत बोधविज्ञान शिकवतात. हैदराबादची गाडी तर आपल्याच स्टेशनवरून जाते. आपल्या आजोबांच्या पिढीला त्याच मार्गाने जायचं म्हटलं की उर्दूची भीती असे. आताच्या मुलाला इंग्रजीची असते.

त्या भीतीबद्दल थोडं. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी या विषयात मागे पडतो असं सर्रास म्हणतात. संदर्भग्रंथ इंग्रजीत आहेत हे खरं, वाचावे लागतील. पण प्रयोगात प्रयोज्याला सूचना त्याच्याच भाषेत द्याव्या लागतात, आणि तिथे मराठी मुलाइतका हुशार माणूस दुसरा नाही. १९३४ मध्ये डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. आजही महाराष्ट्रात शाळकरी मुलाची बुद्धिचाचणी म्हटलं की बिने-कामत हेच नाव निघतं. कामतांनी परदेशातली चाचणी जशीच्या तशी उचलली असती, तर तिने आपल्या मुलांची बुद्धी मोजलीच नसती. आपली मुलं परदेशी वस्तूंची नावं किती ओळखतात, एवढंच तिने मोजलं असतं.

आणि अजून खूप काम पडलेलं आहे. २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की, मानसशास्त्रातली बहुतेक पाहणी जगातल्या मूठभर श्रीमंत, शिकलेल्या पाश्चात्त्य समाजांवर, आणि त्यातही बहुधा कॉलेजातल्या विद्यार्थ्यांवर झालेली आहे. जालन्याच्या बाजारातला हमाल, अंबडच्या शाळेतली मुलगी, परतूरचा शेतकरी यांच्या स्मृतीबद्दल, लक्षाबद्दल, निर्णयाबद्दल आपल्याकडे लिहिलेलं फार थोडं आहे. एक उदाहरण घ्या. देवनागरीत ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी लिहितात, पण उच्चारतात नंतर. 'दिवस' लिहिताना वेलांटी आधी येते, बोलताना 'द' आधी. मग वाचणाऱ्याला असा शब्द ओळखायला जास्त वेळ लागतो का? ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर हे तपासलं, आणि लिहिण्याचा व बोलण्याचा क्रम जिथे जुळत नाही तिथे वेळ जास्त लागलेला दिसला. मग मराठीत काय होईल? पहिलीतल्या मुलाला काय होईल, आणि रोज पेपर वाचणाऱ्या आजोबांना? संगणक, शब्दांची यादी आणि शाळेची परवानगी एवढ्यावर हा प्रयोग बी. ए. चा विद्यार्थी या गावात करू शकतो. त्याला फक्त असं कॉलेज हवं, जिथे कुणी म्हणणार नाही की 'हे अभ्यासक्रमात नाही'.

शेवटी संयोजकांना एक विनंती आहे, ती पाहुण्याने करावी तशी सौम्यपणे करते. आपण ज्या मस्तगडावर बसलोय, तिथे अठराव्या शतकात गढी उठली, पुढे नगरपालिकेचा कारभार बसला. या जागेवर गावाच्या कामाची माणसं जमतात, ही इथली रीतच आहे. प्रवेशाच्या हंगामात, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, एक रविवार मोकळा ठेवा. आसपासच्या कॉलेजांतल्या मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बोलवा. त्यांनी आपली जर्नलं घेऊन यायचं, बारावी झालेल्या मुलांनी ती चाळायची आणि आईवडिलांनी बाजूला बसून ऐकायचं. फोटो काढायचे नाहीत, भाषणं करायची नाहीत, फक्त जर्नलं उघडायची. ज्यांच्याकडे न जमलेला प्रयोग आहे, त्यांनी तो आधी दाखवायचा. कॉलेजच्या जाहिरातीपेक्षा त्या दोन तासांत जास्त कळेल, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही पहिल्यांदाच वाटेल की आपली जर्नलं गुणांशिवाय आणखी कुणाच्या तरी उपयोगाची आहेत. असा रविवार ठरला, तर मी परीक्षक म्हणून नाही, प्रयोज्य म्हणून येईन. आरसा आणि तारा तुम्ही आणा. माझ्या चुका मोजा, आणि मोजाल तशाच लिहा.